पाच गुणांचा विषय, सहा महिन्यांची मुदत

मावशींनी डावा हात माझ्या टेबलावर ठेवला. मनगटाच्या खाली तो किंचित बाहेरच्या बाजूला वळलेला होता. हाड जुळलं होतं, पण सरळ जुळलं नव्हतं. मावशी भाजी विकतात. उजव्या हातानं तराजू धरता येतो, पण पाटी डोक्यावर चढवायला दोन्ही हात लागतात, त्यामुळे आता रोज पहाटे मंडईत कुणाला तरी हाक मारावी लागते. २०२३ च्या जुलैमध्ये, पाणी तुंबलेल्या रस्त्यातून घरी जाताना त्यांचा पाय गटाराच्या उघड्या चेंबरमध्ये गेला. झाकण महिनाभर नव्हतं. गल्लीतल्या पोरांनी खूण म्हणून त्यात एक बाभळीची फांदी खोचून ठेवली होती, ती पाण्याबरोबर वाहून गेली.

"वकीलबाई, झाकण नाही हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "मग ज्यांचं झाकण, त्यांनाच ठाऊक नव्हतं होय?"

निष्काळजीपणाच्या दाव्याचा सगळा गाभा त्या एका प्रश्नात आहे. पण त्या माझ्याकडे आल्या तेव्हा मार्च २०२४ उजाडला होता. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ प्रमाणे महापालिकेवर असा दावा लावायचा तर आधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दाव्याचं कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. ते सहा महिने जानेवारीतच संपले होते. अपिलाला किंवा अर्जाला उशीर झाला तर मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफ करून मागता येतो. दाव्याला ती सोय नाही. उच्च न्यायालयात रिट करता येते, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "म्हंजे मुंबईला?" तेव्हा कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालेलं नव्हतं. मी हो म्हणाले, आणि त्या गप्प बसल्या.

त्या आधी कुणाकडेच गेल्या नव्हत्या असं नाही. सप्टेंबरमध्येच एका तरुण वकिलाला भेटल्या होत्या. त्यानं पोलिसात अर्ज द्यायला लावला, एक्स-रेच्या प्रती काढून ठेवल्या आणि सांगितलं, "आधी पोलीस काय करतात बघू. भरपाईच्या दाव्याला तीन वर्षं आहेत." तो मुलगा माझ्या रविवारच्या वर्गातला. बार कौन्सिलची परीक्षा पहिल्याच वेळी पास झालेला. मी फोन केला तर म्हणाला, "मॅडम, टॉर्टला तीन वर्षं ना? अनुच्छेद ११३." मुदत कायद्यातला सर्वसाधारण नियम त्याला तोंडपाठ होता. अब्रुनुकसानीला एक वर्ष, बेकायदा डांबून ठेवण्याला एक वर्ष, हेही त्यानं झोपेत सांगितलं असतं. पालिकेचा कायदा तेच दार सहा महिन्यांत लावून घेतो, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मीही नाही. मी त्याला परीक्षेसाठी शिकवलं होतं, आणि परीक्षा हे विचारत नाही.

ज्यांचा या परीक्षेशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कायद्याची पदवी घेतली, राज्याच्या बार कौन्सिलकडे नाव नोंदवलं, सनद हातात आली, तरी कायमस्वरूपी वकिली करायची तर अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हावी लागते. पहिली परीक्षा मार्च २०११ मध्ये झाली. ती घेण्याचा अधिकार बार कौन्सिल ऑफ इंडियाला आहे की नाही यावर बरीच वर्षं वाद चालला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं तो अधिकार मान्य केला. शंभर प्रश्न, चार पर्यायांतून एक निवडायचा. खुल्या गटाला ४५ टक्क्यांना पास, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना ४० टक्क्यांना. मराठीतून देता येते. अशी परीक्षा असावी याच मताची मी आहे. ज्याच्या हातात लोकांचे दावे जाणार आहेत त्याची एकदा तरी तपासणी व्हायला हवी.

माझी तक्रार त्या शंभर प्रश्नांच्या वाटणीबद्दल आहे. संविधानाला दहा, दिवाणी प्रक्रियेला दहा, फौजदारी प्रक्रियेला दहा. आणि टॉर्ट, म्हणजे आपला अपकृत्यांचा कायदा, त्याला मोटार वाहन कायदा आणि ग्राहक संरक्षण कायदा जोडून तिघांना मिळून पाच.

त्यात आणखी एक गोष्ट आहे, ती वरवर लहान दिसते. परीक्षेला पूर्वी पुस्तकं नेता यायची. आता फक्त बेअर ॲक्ट, म्हणजे नुसत्या मूळ कायद्याच्या प्रती, नेता येतात, त्याही टिपा नसलेल्या. मोटार वाहन कायद्याचा बेअर ॲक्ट मिळतो, ग्राहक कायद्याचा मिळतो. टॉर्टचा मिळत नाही, कारण तो कुठे लिहिलेलाच नाही. सर फ्रेडरिक पोलॉक यांनी १८८६ मध्ये सरकारसाठी भारतातल्या दिवाणी अपकृत्यांच्या विधेयकाचा मसुदा करून दिला होता. तो कधी कायदा झाला नाही. त्यामुळे आजही आपला हा कायदा निकालपत्रांत विखुरलेला आहे. माझ्या वर्गातली हुशार मुलं याचा हिशेब पहिल्याच दिवशी मांडतात. पाच प्रश्नांतले काही बेअर ॲक्टमधून निघतील, उरलेल्या एक-दोन गुणांसाठी शेकडो निकाल कोण वाचणार? मग दोन पानांचा एक कागद फिरतो. डाव्या बाजूला लॅटिन शब्द, उजव्या बाजूला खटल्याचं नाव. रायलँड्स म्हटलं की कठोर दायित्व, डोनोघ्यू म्हटलं की गोगलगाय, ॲशबी म्हटलं की मतदान. मीही असा कागद वर्षानुवर्षं वाटत आले. मावशी येऊन गेल्या त्या रविवारी तो वाटणं थांबवलं.

या विषयाला इतकं कमी लेखण्यासारखं त्यात काय आहे, हे मला कधी कळलेलं नाही. चोरी झाली तर सरकार फिर्यादी होतं. जमिनीचा वाद असेल तर कागद असतात, सातबारा असतो. पण कुणाच्या हयगयीनं तुमचा हात मोडला, तर तो हात हाच तुमचा कागद, आणि तो घेऊन तुम्हाला स्वतःच कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. अशा माणसाला कोर्ट चार गोष्टी विचारतं. समोरच्यावर तुमची काळजी घेण्याचं कर्तव्य होतं का, त्यात त्यानं कसूर केली का, त्या कसुरीमुळेच हे झालं का, आणि नुकसान किती. चारही प्रश्न घटनेच्या मातीत पाय रोवून विचारायचे असतात. लॅटिन नंतर आलं तरी चालतं, नाही आलं तरी चालतं.

मी आता सुरुवात गोगलगायीपासून करत नाही. जिंजर बिअरच्या बाटलीत गोगलगाय निघाली ती स्कॉटलंडमध्ये, १९२८ साली. चार वर्षांनी लॉर्ड ॲटकिन यांनी त्यातून शेजाऱ्याचं तत्त्व सांगितलं आणि तिथून निष्काळजीपणाचा आजचा कायदा उभा राहिला. हे शिकवायला हवंच. पण आमच्या मुलांनी बेळगावच्या बाजूला जिंजर बिअर पाहिली नाही की मिरजेला. त्यांना मी आधी पालशेतला नेते.

पालशेत रत्नागिरी जिल्ह्यातलं किनाऱ्यावरचं गाव. मे १९५३ मध्ये तिथल्या वाळूत एका तरुणाच्या मांडीचं हाड मोडलं. गावच्या डॉक्टरनं लाकडी फळ्या बांधून दिल्या, घरच्यांनी मोटारीतून त्याला पुण्याला आणलं. तिथल्या शल्यचिकित्सकानं भूल न देता, माणसांकडून पाय ओढून धरवून हाड बसवलं आणि प्लास्टर घातलं. त्याच दिवशी रात्री तो मुलगा गेला. वडील स्वतः डॉक्टर होते. त्यांनी दावा लावला, जिंकला, उच्च न्यायालयात टिकवला, आणि १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तो कायम ठेवला. जोशी विरुद्ध गोडबोले. डॉक्टरनं रुग्ण हातात घेतला की त्याच्यावर कोणती कर्तव्यं येतात, याची मांडणी आजही त्या निकालापासून सुरू होते. रुग्ण घ्यायचा की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार करायचा हे ठरवताना काळजी, आणि तो करताना काळजी. पोरांना हे पाठ करावं लागत नाही. पाय ओढून धरणारी माणसं एकदा डोळ्यांसमोर आली की नियम आपोआप मागून येतो.

आणि दुसरा खटला, औरंगाबादचा. १९६३ च्या जुलैमध्ये सरकारी रुग्णालयात एका बाईची प्रसूती झाली आणि मग संततिनियमनाची शस्त्रक्रिया. पोट दुखू लागलं, सुजलं, उतरेना. दुसऱ्यांदा पोट उघडलं तेव्हा आत टॉवेल निघाला, पहिल्या शस्त्रक्रियेत राहिलेला. त्याच महिन्यात ती वारली. नवऱ्यानं आणि मुलांनी दावा केला. कनिष्ठ न्यायालयानं ३६ हजारांची भरपाई दिली, उच्च न्यायालयानं ती काढून घेतली, सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये परत दिली. घटनेला तोवर तेहतीस वर्षं होत आली होती. आईची आठवणही नसलेलं ते मूल त्या दिवशी किती वर्षांचं होतं, हे मी वर्गात मोजायला लावते.

पुस्तकात या खटल्यासमोर रेस इप्सा लोक्विटर असं लिहिलेलं असतं. घटना स्वतःच बोलते, असा त्याचा अर्थ. पण निकालातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट दुसरी आहे. नेमक्या कोणत्या डॉक्टरच्या हातून चूक झाली हे त्या कुटुंबानं बोट ठेवून दाखवण्याची गरज नाही, असं न्यायालयानं म्हटलं. दोन्ही शस्त्रक्रियांचे डॉक्टर राज्याचे नोकर, म्हणून जबाबदारी राज्याची. रुग्णालय चालवणं हे काही सार्वभौम सत्तेचं असं काम नाही, की सरकारनं त्याच्याआड लपावं. माझ्या तालुक्यातल्या किती माणसांना हे ठाऊक आहे? सरकारी दवाखान्यात काही वेडंवाकडं झालं तर "सरकारवर कोण केस करणार" म्हणून ती घरी जातात. आणि ज्यांनी त्यांना सांगायचं, त्यांच्या परीक्षेत हा विषय शेपटाला बांधलेला.

काही नियम मी चटकन उरकते. दिल्लीच्या चांदणी चौकात घड्याळाचा मनोरा कोसळला, वय ऐंशी वर्षं, बांधकामाचं आयुष्य मात्र चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं. पालिकेवर दायित्व, निकाल १९६६ चा. भोपाळच्या वायुगळतीनंतर वर्षभरानं, डिसेंबर १९८५ मध्ये, दिल्लीच्या श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू सुटला. पुढच्या वर्षी न्यायमूर्ती भगवतींच्या पीठानं रायलँड्स खटल्यातल्या, इंग्लंडच्या १८६८ च्या नियमातले अपवाद बाजूला ठेवले. धोकादायक धंदा करायचा तर दायित्व निरपवाद, आणि भरपाई कंपनीच्या ऐपतीला शोभेल अशी. हा नियम आपल्या देशात जन्माला आला याचा मला अभिमान वाटतो, आणि तो मी प्रत्येक तुकडीला उभं राहून शिकवते.

पण खरा वेळ जातो तो ट्रॉलीवर.

माझ्या वकिलीच्या सुरुवातीच्या काळातली केस आहे, नावं-गावं काढून फळ्यावर मांडते. गळीत हंगाम. रात्रीचे नऊ. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, उसानं भरलेल्या. मागच्या ट्रॉलीचं चाक पंक्चर झालं म्हणून ड्रायव्हरनं ती रस्त्यावरच सोडली, चाकाला दोन दगड लावले आणि पुढची ट्रॉली घेऊन तो कारखान्याकडे गेला. दिवा नाही. मोळ्यांची टोकं फळीच्या बाहेर हातभर आलेली, त्यामुळे एक रिफ्लेक्टर होता तोही झाकलेला. मागून मोटारसायकल आली. मेहुणा चालवत होता, दाजी मागे बसलेले. गाडीचा दिवा मंद, वेग जास्त. मेहुण्याचा पाय गेला. दाजी जागीच गेले.

"कोणाची चूक?" मी विचारते. पोरं एका सुरात सांगतात, "कॉन्ट्रिब्युटरी निग्लिजन्स, मॅडम." दोघांचीही चूक, म्हणून भरपाईत कपात.

"कोणाच्या भरपाईत?"

इथं वर्ग थांबतो. मेहुण्याच्या भरपाईत कपात होईल, बरोबर. समोर बघून चालवायचं त्याचं काम होतं. पण दाजी मागे बसले होते. त्यांच्या हातात ना हँडल, ना ब्रेक. त्यांच्या बाजूनं पाहिलं तर चूक करणारे दोघं, ट्रॉलीवाला आणि स्वतःचा मेहुणा, आणि त्यांची स्वतःची चूक शून्य. ही संयुक्त निष्काळजीपणाची केस, कपात नाही. दाजींच्या बायकोला सगळी रक्कम दोघांपैकी कुणाकडूनही वसूल करता येते, त्या दोघांनी आपापसांत काय ते बघावं. सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये हे निःसंदिग्धपणे सांगितलं आहे. कागदावरच्या यादीत हे दोन शब्द एकाखाली एक असतात, तीन सेंटीमीटरच्या अंतरानं. घरात ते अंतर म्हणजे बाईला अर्धी रक्कम मिळते की पुरी, इतकं असतं.

आणि मग एक मुलगी विचारते, दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच, "म्हणजे त्या ताईनं आपल्या सख्ख्या भावाला सामनेवाला करायचं?" हो, करायचं. त्या ताईला शेजारी बसवून समजावून सांगावं लागतं की भावाशी भांडण नाही, कागदावर त्याचं नाव लागतं ते त्याच्या गाडीच्या विम्यासाठी. मी ते तासभर समजावलं होतं. शेवटी तिनं विचारलं, "दादाला तुरुंगात नाही ना टाकणार?" ट्रॅक्टरचा विमा होता, ट्रॉलीचा नव्हता. ट्रॅक्टर एकाचा, ट्रॉली दुसऱ्याची, ऊस वाहण्याचा करार तिसऱ्याशी. नोकराच्या कृत्याबद्दल मालकाचं दायित्व हा धडा या तिघांच्या नावांवर जितका पक्का बसतो, तितका कुठल्याही व्याख्येवर बसत नाही.

म्हणून मला बार कौन्सिलला काही मागायचं आहे. टॉर्टला मोटार आणि ग्राहक कायद्यांच्या गाठोड्यातून बाहेर काढा आणि त्याला स्वतःचे दहा प्रश्न द्या. शंभरात दहा जास्त नाहीत. अमेरिकेतल्या बहुसंख्य राज्यांत वर्षानुवर्षं घेतल्या जाणाऱ्या बार परीक्षेत दोनशे प्रश्नांपैकी गुण धरले जाणारे एकशे पंच्याहत्तर सात विषयांत सारखे वाटलेले असतात आणि टॉर्ट त्या सातांतला एक आहे. तिथं प्रश्न म्हणजे एक लहानशी हकिकत असते. कोण कुठं घसरलं, कुणी काय पाहिलं, कोण जबाबदार. आपल्याकडेही प्रश्न असा घालता येतो, त्याला चारच पर्याय देता येतात आणि यंत्रावर तपासताही येतो. खटल्याचं नाव विचारून कळतं ते इतकंच की उमेदवारानं नाव वाचलं आहे.

त्यासोबत नोटीस आणि मुदत हे टॉर्टचे भाग म्हणून शिकवा आणि विचारा. आज ते दिवाणी प्रक्रियेत आणि मुदत कायद्यात विखुरलेले आहेत. सरकारवर दावा तर कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस, महापालिकेवर दावा तर ४८७ ची एक महिन्याची. हक्क कसा निर्माण होतो ते एका पुस्तकात आणि तो कधी मरतो ते दुसऱ्या पुस्तकात, अशी वाटणी झाली की मावशींसारखी माणसं मधल्या मधे पडतात.

मराठीबद्दलही मला काही म्हणायचं आहे. परीक्षा मराठीतून देता येते, पण टॉर्टच्या मराठी तयारीला पुस्तकं तुटपुंजी. जी आहेत त्यांत 'प्रातिनिधिक दायित्व' असं लिहिलेलं असतं आणि खाली उदाहरण लंडनच्या घोडागाडीचं. कोर्टात साक्षीदार मराठीत बोलतो, "हयगय केली" म्हणतो, "लक्ष दिलं नाही" म्हणतो. हे शब्द कायद्याच्या शब्दांशी जोडून देणारं पुस्तक आमच्या विद्यापीठांतल्या प्राध्यापकांनी लिहावं. उदाहरणं मी द्यायला तयार आहे, माझ्या कपाटात भरपूर आहेत.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्ड्यांमुळे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर सहा लाख, आणि जखमी झाल्यास दुखापतीनुसार पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी असा आदेश दिला. बातमी वाचली त्या दिवशी मी मावशींना फोन केला. त्यांच्या बाबतीत काय करता येईल ते पाहते आहे, आणि तो तरुण वकीलही माझ्याबरोबर कागद चाळतो आहे. पण अशा आदेशाचा फायदा लोकांना तेव्हाच होईल जेव्हा तालुक्याच्या कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेल्या पोराला तो ठाऊक असेल, आणि चार पर्यायांतून कधीतरी त्याला तो निवडावा लागला असेल.

गेल्या रविवारी मी वर्गाला नवा प्रश्न दिला. चौदा जुलै, सायंकाळी सात, रस्त्यावर पाणी, चेंबरला झाकण नाही, भाजी विकणाऱ्या बाईचं मनगट मोडलं. ती तुमच्याकडे वीस सप्टेंबरला आली आहे. आज तुम्ही काय कराल?

सहा जण होते. चौघांनी लिहायला सुरुवात केली ती कर्तव्य आणि कसूर यांच्या व्याख्येपासून. एका मुलीनं आणि त्या तरुण वकिलानं (तो पुन्हा येऊन बसतो हल्ली, मागच्या बाकावर) कागदाच्या वरच्या कोपऱ्यात आधी तारीख घातली. चौदा जानेवारी. तिच्याखाली रेघ ओढली, आणि मग नोटिशीचा मसुदा लिहायला घेतला.